शलमोन मास्तरांची समाधी

शलमोनकाकांची कंबर पहिल्यांदा धरली ती खडू उचलताना. वाकले ते वाकलेच. मुलांना वाटलं, मास्तर खाली काहीतरी शोधतायत, म्हणून सगळा वर्ग बाकांखाली शिरला. शेवटी दयाकाकू आल्या, त्यांनी नवऱ्याला तसंच काटकोनात उचलून बाजेवर ठेवलं आणि वर म्हणाल्या, "खडू सापडला का?"

सोनईच्या अलीकडे आमचं गाव. काका तिथल्या मिशनच्या शाळेचे मास्तर. शाळा एकच, त्यामुळे गावातला पस्तिशीच्या आतला प्रत्येक माणूस त्यांच्या हातचा मार खाल्लेला. काका बुटके, पोट पुढे, आवाज मात्र तोफेसारखा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी त्यांना शिक्षकांच्या उजळणी वर्गासाठी पुण्याला पाठवलं. तिथं एका व्यायामशिक्षकानं त्यांना आसनं शिकवली. कंबर सुटली आणि काका बिघडले.

बिघडले म्हणजे काय, तर जे आपल्याला बरं वाटलं ते साऱ्या गावाला झालंच पाहिजे असा ध्यास घेतला. मुलं एका पायावर उभी राहून पाढे म्हणू लागली. रेशनच्या रांगेत साखरेसाठी ताटकळणाऱ्या बायकांना काका म्हणायचे, "नुसत्या काय उभ्या राहता? टाचा उचला, श्वास घ्या!" दयाकाकू भाकरी थापत असल्या तर मागून सूचना यायची, "पाठ सरळ." एकदा त्याच परातीतलं पीठ उचलून काकूंनी त्यांच्या तोंडावर मारलं. काकांनी पाठ सरळ ठेवून ते पुसलं.

चर्चच्या मंडळीचे पाळक फिलिपसाहेब यांना मात्र हे सहन होईना. बारीक, काळजीखोर माणूस. त्यांनी पाहिलं तेव्हा काका चर्चच्या भिंतीला पाय लावून शीर्षासनात होते.

"मास्तर, हे गोसाव्यांचे चाळे. आपल्याला शोभत नाहीत."

"का बरं?" काका खालूनच म्हणाले.

"उद्या बाटलात म्हणजे?"

"पाळकसाहेब, माझ्या कंबरेचा बाप्तिस्मा झालेला आहे. ती कशी बाटेल?"

पाळकांनी मिशनच्या नगरच्या कमिटीकडे तक्रार केली. कमिटीनं कळवलं, नाताळाआधीच्या रविवारी आम्ही येऊन पाहतो. प्रकार गैर दिसला तर मास्तरांची बदली मिरजगावाच्याही पलीकडे, एका उजाड वस्तीवरच्या शाळेत. काकूंनी स्वच्छ सांगितलं, "तुम्ही जा. माझा शेवगा आणि माझ्या कोंबड्या सोडून मी कुठंही येणार नाही." काकांचा जीव काकूंवर, आणि काकूंच्या कालवणावर त्याहून थोडा जास्त. त्यामुळे कमिटीला जिंकणं आलंच.

काकांनी ठरवलं, कमिटीला शवासन दाखवायचं. त्यात उलटंपालटं काही नाही, मंत्र नाही, नुसतं मेल्यासारखं पडायचं. त्याला कोण हरकत घेणार? शिवाय ते त्यांचं सर्वांत आवडतं आसन. कारण त्यात ते झोपत. हे ते कधी कबूल करत नसत, पण झोपत. आणि झोप अशी की शेजारी लग्नाचा बँड वाजला तरी कूस बदलायची नाही.

तर अशाच एका दुपारी शाळेमागच्या लिंबाखाली ते शवासनात पडले असताना तिथून रंगनाथ पाटील चालले होते. तिसरीत काकांनी याला दोनदा बसवलेला. बाप गेल्यावर पाटीलकी आली, अक्कल यायची राहिली. पाटलांनी हाक मारली. उत्तर नाही. हलवलं. हूं की चूं नाही. पाटील "मास्तर गेलं वं!" म्हणून बोंब मारणार, इतक्यात काका उठून बसले, डोळे चोळले आणि म्हणाले, "अहाहा! काय शांतता! येत्या रविवारी सगळ्यांसमोर करून दाखवणार आहे, पाटील. जगाचा पार विसर पडेल. गावाला घेऊन या."

आमचा मुलूख नाथांचा. मढीला कानिफनाथांची समाधी, तिची केवढी यात्रा भरते ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल. एरवी विटाळ नको म्हणून काकांच्या ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्या पाटलांनी तिथल्या तिथं त्यांचे पाय धरले आणि घरी जाऊन बायकोला, छबूबाईला सांगितलं, "मास्तर रविवारी जित्ती समाधी घेनार! आता आपल्या गावात यात्रा भरंल. सर्व्हिस मोटार थांबंल. मढीसारका गाढवांचा बाजार भरंल!"

गाढवांची वाण गावात आधीही नव्हती. पण पाटलांनी दुसऱ्याच दिवशी माणसं लावली आणि लिंबाजवळ खड्डा खणायला घेतला.

मी, काकांची पुतणी, तेव्हा पुण्याला कॉलेजात. नाताळासाठी चार दिवस आधी घरी आले होते. काकांबरोबर मी तो खड्डा पाहायला गेले. आता झालं होतं असं की, शाळेला संडास बांधा म्हणून काका कित्येक वर्षं गावाच्या मागे लागले होते. खड्डा बघून त्यांना भरून आलं.

"पाटील! अखेर सुबुद्धी झाली म्हणायची!"

पाटलांनी हात जोडले. "गावाचं भाग्य, मास्तर. खोल किती घिऊ?"

"पुरुषभर तरी हवा. आणि चर्चपासून जरा लांब घ्या. वास येतो."

"तुमचा वास?" पाटलांनी कानाच्या पाळ्या धरल्या. "सुवास सुटंल, मास्तर! पंचक्रोशीत सुटंल!"

"ते पहिल्या आठवड्यात कळेलच. बरं, बायकांसाठी वेगळा खणताय ना?"

खणणारे थांबले. पाटलांनी डोक्यावरचा पटका सावरला. "बाईबी... जानार?"

"न जायला काय झालं? दया तर माझ्याआधीपासून मागतेय!"

एका गड्यानं टिकाव खाली ठेवून डोळे पुसले. मी बी.ए.च्या वर्गातली शहाणी तिथंच उभी होते, आणि मला वाटलं, संडासाबद्दल इतकी आस्था असलेलं गाव जगात दुसरं नसेल. संध्याकाळपर्यंत दुसरा खड्डा तयार.

रविवार उजाडला. उपासना संपली. कमिटीचे मोठे साहेब टांग्यातून उतरले ते झेंडूच्या तोरणात अडकले. लिंबाखाली अख्खं गाव. नारळ, उदबत्त्या, एक लेझीमवाला. साहेबांनी विचारलं, "हा कोणता सण आहे?" पाळक घाम पुसू लागले. काका मात्र खूश. आपल्या शवासनाला एवढी गर्दी! त्यांनी साहेबांना नमस्कार केला, घोंगडी अंथरली, म्हणाले, "बरं, येतो," आणि आडवे झाले. दोन मिनिटांत ठार झोपले. वर थंडीतलं कोवळं ऊन. कोण उठतंय?

इकडे घरी दयाकाकू कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. छबूबाई रडत आत आली.

"काकू, मास्तरांचे जोडे द्या. पादुका म्हनून ठिवायच्यात."

"जोडे? एकच जोड आहे, परवाच तळ मारून आणलाय. आणि ते घालणार काय?"

"खाली कशाला लागत्यात जोडे? तुमीबी चला आता. तुमचा खड्डा तयार हाय. आमी शेनानं सारवलाय."

"माझा कसला खड्डा?"

"समाधीचा! तुमाला मास्तरांच्या आदीपासून जायचंय म्हनं!"

मी काकूंजवळच होते. काकूंचा चेहरा पाहिला आणि बाजूला झाले. पदर खोचून ती बाई जी धावली, तिच्यामागे सगळ्या कोंबड्या धावल्या.

आम्ही पोचलो तेव्हा पाटलांनी आणि तिघा गड्यांनी घोंगडीची चार टोकं धरून काकांना उचललं होतं. संताला चालण्याचे श्रम नकोत, एवढाच त्यांचा हेतू. पण मास्तर गेलेच असं समजून पाळक आडवे पडले होते, म्हणजे वाटेत.

"खाली ठेवा! हा मंडळीचा सभासद आहे. आमच्या कबरस्तानात जाईल!"

"आरं वा! तुमी तर त्यास्नी मिरजगावापल्याड हाकलाया निगाला हुता!"

"ते जिवंतपणी! मेल्यावर तो आमचाच!"

"आमी खड्डा खनला!"

"पुरण्याची रीत मुळात आमची!"

पाळकांनी काकांचे पाय धरले आणि ओढले. पाटलांनी डोक्याकडून ओढलं. काका मधे लांब झाले. चेहऱ्यावर हसू. पुढे त्यांनी सांगितलं, पाठीला असा ताण आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

काकूंनी हाका मारल्या. गालात चापट्या मारल्या. व्यर्थ. मग त्यांना सुचलं. शाळेच्या पडवीत घंटा म्हणून आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. काकूंनी लोखंडी दांडका उचलला आणि घणघणघण असा हाणला की लिंबावरचे कावळे उडाले.

काका डोळे मिटूनच घोंगडीतून ताडकन उतरून उभे राहिले आणि गरजले, "रांगेत!"

आणि गाव रांगेत उभं राहिलं. विचार करायला वेळच नव्हता; हातापायांनीच ऐकलं. पाटलांनी घोंगडी टाकली आणि तिसरीच्या रांगेत आपल्या जुन्या जागी शेवटी जाऊन उभे राहिले. नारळ बगलेत. पाळकही उभे. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हॅट काढून तेही उभे राहिले.

"हात वर! टाचा वर! श्वास आत! पाटील, पोट आत!"

सगळं गाव टाचा उचलून आकाशाला हात लावत होतं. नारळ तेवढा पडला. पाळकांची जागा नेमकी खड्ड्याच्या काठावर. टाचा उचलल्या, तोल गेला आणि ते दिसेनासे झाले. खड्डा पुरुषभर खोल होता, काकांच्या सूचनेप्रमाणे. खालून आवाज आला, "श्वास सोडू का?"

साहेबांनी हॅट पुन्हा डोक्यावर ठेवली. त्यांनी आजवर या गावात दोन माणसं एका रांगेत पाहिली नव्हती. मग हळूच विचारलं, "मास्तर, हे कोणत्या धर्माचे आहे?"

काका आता कुठं जागे झाले होते. म्हणाले, "तिसरीचं, साहेब. चौथीला अवघड घेतो."

बदली रद्द झाली. पाळकांना वर काढल्यावर त्यांनी पहिली सूचना केली ती खड्डा बुजवण्याची. पण दोन्ही खड्ड्यांवर पुढे खरंच संडास झाले, मात्र नेवाशाकडून येणारा एखादा वाटसरू तिथं नारळ वाढवून जायचा, त्याला कोण काय करणार? गाढवांचा बाजार न भरल्याचं दुःख पाटलांना शेवटपर्यंत होतं. तरी रोज सकाळी घंटा झाली की ते आपल्या अंगणात टाचा उचलायचे. गावातले पुष्कळ जण उचलायचे. काकांना एवढंच तर हवं होतं.

दयाकाकूंनी एकच अट घातली: शवासन बंद. बाकी काय उलटेसुलटे व्हायचं ते व्हा.

काकांनी अट पाळली, पुष्कळ वर्षं. मग एका दुपारी बाजेवर पाठ टेकवून पडले, हात बाजूला, तळवे वर, चेहऱ्यावर तेच हसू. आम्ही सगळे जमलो. डॉक्टरांनी नाडी पाहून मान हलवली. काकू म्हणाल्या, "तुम्हाला काय कळतंय?" आणि स्वतः उठून, काठी टेकत शाळेत गेल्या आणि रुळावर टोले घातले. अंगणात जमलेलं सगळं गाव सवयीनं रांगेत उभं राहिलं.

काका उठले नाहीत. तेव्हा कुठं काकू रडल्या.