मिलिटरीचं औषध

लालासाहेब डॉक्टर नव्हते. हे आधीच सांगते, कारण कोरेगावात अजूनही कुणी ते ऐकून घेत नाही. ते फौजेत नर्सिंग असिस्टंट होते. सतरा वर्षं पट्ट्या बांधल्या, सुया टोचल्या, ऑपरेशनच्या टेबलाशी उभे राहिले आणि हवालदार होऊन घरी आले. पण आमच्याकडे साधा शिपाई सुट्टीवर आला तरी त्याचा ‘मेजर’ होतो, तसे हे ‘डॉक्टर’ झाले. त्यांनीही कधी खोडून काढलं नाही. माणूसच तो, आवडत असणार.

रहिमतपूर रस्त्याला माझं मेडिकल आहे. मी फार्मसी शिकलेली, परवाना भिंतीवर लावलेला. त्यांनी समोर पोलीस-फौजेच्या भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी दुकान काढलं: पळायचे बूट, चड्ड्या, गोळाफेकीचे गोळे, ग्लुकोज, प्रोटीनचे डबे. सकाळी मैदानावर शिट्टी घेऊन सगळ्यांच्या आधी हेच हजर. करोनात माझे सासरे घरी पडून होते आणि शेजारपाजारचं कुणी उंबऱ्याला पाय लावेना, तेव्हा या माणसानं बारा दिवस रोज येऊन सलाईन लावलं. चहासुद्धा घेतला नाही. म्हणून मी त्यांना दादा म्हणायची. आणि म्हणूनच पुढे माझं तोंड उघडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सांगलीकडचा एक एजंट त्यांच्याकडे यायला लागला. त्याच्या पिशवीत इंजेक्शनच्या बाटल्या असत. ऑपरेशन चालू असताना रोग्याचा रक्तदाब पडला तर भूलतज्ज्ञ जे देतात, ते औषध. पोरं ते दम टिकावा म्हणून घेतात. चिठ्ठीशिवाय मी ते विकलं तर माझा परवाना जाईल. त्यांच्याकडे तर परवानाच नव्हता. मी तडक रस्ता ओलांडून गेले.

“दादा, हे काय ग्लुकोज नव्हे. सापडलात तर तुरुंग आहे. आणि एखाद्याचं हृदय बंद पडलं म्हणजे?”

“आगं ताई, हे मिलिटरीत देत्यात. मी सोता दिलंय जवानांना. आन् सुई मी पोरांच्या हातात देत न्हाई, मीच मारतो. मापात.”

मिलिटरीत देतात म्हटलं की आमच्या भागात बोलणं खुंटतं. कॅन्टीनचा साबण बाजारातल्यापेक्षा चांगला, कॅन्टीनची रम बिनभेसळीची, कॅन्टीनचा कुकर म्हणे पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. त्या बाटल्यांनाही पोरं ‘मिलिटरीचं’ म्हणू लागली. दादांनी जवानांना ते दिलं होतं, खरं आहे. पण टेबलावर निजलेल्या जवानांना, उशाशी भूलतज्ज्ञ बसलेला असताना. हा फरक त्यांना कळत नव्हता असं मी म्हणणार नाही. चांगला कळत होता. पण मापात दिलं, शिस्तीत दिलं की झालं, असा त्यांचा भरवसा. मी औषध निरीक्षकांचा नंबर शोधून ठेवला आणि फोन केला नाही.

राणी माण तालुक्यातली, मेंढपाळाची लेक. वडील अर्जुना आठ महिने कळपामागं फिरतीवर. पोरगी पोलीस भरतीसाठी इथं खोली घेऊन राहिली होती. माझ्याकडं डोकेदुखीची गोळी मागतानाही लाजायची. आठशे मीटरला पूर्ण मार्क मिळायला तिला सहा सेकंद कमी पडत होते. सहा सेकंद! तिनं वडिलांना फोनवर विचारलं, डॉक्टर इंजेक्शन देतो म्हणतात, घेऊ का? कसलं, तो म्हणाला. मिलिटरीचं. “मग घे की,” तो म्हणाला.

डिसेंबरातली सकाळ होती. सराव चाचणी. दादांनी तिला सुई मारली आणि अर्ध्या तासानं राणी दुसऱ्या फेरीत वाकली, पडली. दादांनी धावत जाऊन छाती दाबली, रस्त्यावरची एक गाडी थांबवली. पोरांनी मला हाक मारली, सुईचंही सांगितलं; मी दुकान उघडं टाकून मागच्या सीटवर बसले. नाडी हाताला लागत होती, पण तिला ताल नव्हता. दादा पुढं बसून ड्रायव्हरला “दाब गड्या, दाब” करत होते.

साताऱ्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “हिनं काही घेतलं होतं का?”

“न्हाई,” दादा म्हणाले. “उपाशीपोटी पळाली आसंल.”

थोड्या वेळानं बाई पुन्हा बाहेर आल्या. “नीट आठवून सांगा. इंजेक्शन, गोळी, पावडर, काहीही. त्यावर मला पुढचं औषध ठरवायचंय.”

दादा भिंतीला टेकून उभे. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. बोला ना दादा, बोला. त्यांच्या डोक्यात त्या वेळी काय होतं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं: बिनपरवाना औषध, पोलीस, बेडी, बंद पडणारी पेन्शन. “वाटलं, पोरगी शुद्धीवर आली तर कुनाला सांगायलाच नगं.”

पाऊण तासानं त्यांनी बाईंना गाठून सगळं सांगितलं. औषध, माप, वेळ. बाई ओरडल्या नाहीत. “हे आधी सांगायचं हो,” एवढंच म्हणाल्या आणि आत धावल्या. वीस मिनिटांत राणी गेली. आधी कळलं असतं तर ती वाचली असती का, हे डॉक्टर बाईंनाही ठामपणे सांगता येत नाही. मला तेच छळतं.

दादा त्याच दुपारी स्वतःहून ठाण्यात गेले. औषध प्रशासनानं दुकानाला सील ठोकलं. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला. एजंटाचा फोन बंद. आणि एवढं होऊनही परवा एक पोरगा मला विचारतो, मॅडम, ते मिलिटरीचं आता कुठं मिळतंय? मी त्याला दुकानातून हाकललं आणि आत जाऊन रडले.

तीन महिन्यांनी दादा जामिनावर सुटले आणि अर्जुना त्यांच्या घरी आला. दादांनी मला बोलावून घेतलं; एकट्यानं सांगायची त्यांची छाती नव्हती. अंगणात अर्जुनासमोर बसून त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं.

अर्जुना काठी मांडीवर आडवी धरून ऐकत होता. “त्या बाईनं किती बारी इचारलं?”

“दोन बारी.”

“आन् तुमी?”

“एकदा न्हाई म्हणलो. दुसऱ्यांदा गप ऱ्हायलो.”

अर्जुना मग माझ्याकडं वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“ताई, तुमी औषधाचं शिकल्यालं. डॉक्टर काय देत्यात, तुमाला ठावं हुतं. तुमी तितंच हुता. मग तुमी का न्हाई बोलला?”

“मला वाटलं, दादा सांगतील,” मी म्हणाले.

“व्हय,” तो म्हणाला. “आन् माझ्या पोरीला वाटलं आसंल, दोघं हाईत की संगट.”