न वाचलेली चारशे ओळींची फाइल

ऑफिसात त्यांना सगळे हायकोर्ट म्हणत. वय त्रेपन्न, एकाच कंपनीत एकोणीस वर्षं. एखाद्या प्रश्नावर त्यांनी मत दिलं की पुढे अपील नसे.

कंपनी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर करते. यंत्रातून निघालेला रिपोर्ट डॉक्टरांच्या संगणकापर्यंत पोचवायचा, एवढंच काम. त्यातला पोचवण्याचा भाग कंपनीने स्वतः लिहिलेला नाही. तो एका ओपन सोर्स लायब्ररीतून घेतलेला आहे, म्हणजे कुणालाही वापरता येईल आणि उघडून वाचता येईल असा कोड. ही लायब्ररी हायकोर्टांनीच निवडली होती. "लाइन तुटली तर ती आपणहून तीनदा पाठवते," हे ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगत.

एका मंगळवारी सकाळी शेजारच्या टेबलावरच्या टेस्टर बाई एक नवं कमांड-लाइन टूल करून बघत होत्या. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की हे टूल आपण वापरत असलेल्या लायब्ररीचा, नेमक्या त्याच आवृत्तीचा, मूळ कोड उतरवून घेतं आणि एआय सहायकापुढे ठेवतं. एरवी सहायक ऐकीव माहितीवर बोलतो. कोड समोर असला की वाचून बोलतो.

"हायकोर्ट, हा म्हणतो तीनदा नाही पाठवत."

"कोण म्हणतो?"

"हा सहायक. एकदा पाठवायचं, नाही गेलं तर गप्प बसायचं. ओळ पण दिलीय. दोनशे चौदा."

"ते काहीही ठोकून देतं."

"देतं खरं. म्हणून तर म्हणते, ओळ बघा."

त्यांनी बघितली. फाइल जेमतेम चारशे ओळींची होती आणि त्यांनी ती पहिल्यांदाच उघडली होती. पुन्हा पाठवण्याची सोय जुन्या आवृत्तीत होती. पुढे ती काढून टाकली आणि का काढली तेही फाइलच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं. कंपनी पहिल्यापासून वापरत होती ती नवी आवृत्ती; हायकोर्टांनी वाचलं होतं ते जुन्या आवृत्तीचं माहितीपत्रक.

"एवढं काय त्यात," टेस्टर बाई म्हणाल्या. "आपल्यापैकी कुणी तरी वाचलं होतं का?"

एकीने वाचलं होतं.

सहा वर्षांपूर्वी हायकोर्टांची भाची, ताईची मुलगी, याच कंपनीत होती. तेव्हा एका प्रयोगशाळेतून निघालेले चाळीस जणांचे रिपोर्ट वाटेतच नाहीसे झाले. यंत्रात प्रत राहत नसे, त्यामुळे लोकांना पुन्हा बोलावून पुन्हा रक्त घ्यावं लागलं. त्यांत एक तीन वर्षांचं मूल होतं. ते काम भाचीकडे होतं. मीटिंगमध्ये ती म्हणाली, लायब्ररी पुन्हा पाठवत नसावी. मामा नऊ जणांसमोर म्हणाले, "पाठवते. चूक तुझ्या कोडात आहे, ती शोध." भाची म्हणून पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये, यासाठी आवाज जरा जास्तच चढवला होता. चार महिन्यांनी तिने नोकरी सोडली. आता ती शाळेत गणित शिकवते.

त्या दुपारी त्यांनी जुन्या मेल धुंडाळल्या. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशीची एक सापडली. "मामा, फाइल जोडलीय. ओळ दोनशे चौदा. एकदा बघशील का?" खाली त्यांचं उत्तर: "बघतो." जोडलेली फाइल उघडलेलीच नव्हती.

शनिवारी ते ताईकडे गेले. भाची पेपर तपासत बसली होती.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "ती पाठवत नाही."

"हो." तिने पान उलटलं.

"मग तू परत बोलली का नाहीस?"

"दोनदा सांगितलं, मामा. तीनदा पाठवायला मी काय तुझी लायब्ररी आहे?"

त्यांना हसू आलं, आणि आपल्याला हसू आलं याचीही लाज वाटली.

"माझं सोड," ती म्हणाली. "मला शाळा आवडते. पण आईला अजून वाटतं, माझ्यामुळे त्या पोराला दोनदा सुई टोचली. मी काही सांगायला गेले की म्हणते, मामा उगाच बोलेल का?"

ताई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. लायब्ररी म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे तू न वाचता बोललास."

"हो."

"आणि हिने वाचून पाठवलं, तेही वाचलं नाहीस."

"नाही."

"त्या खोलीत किती जण होते?"

"नऊ."

"मग मला एकटीला काय सांगतोस?"

सोमवारी त्यांनी मेल लिहायला घेतली. नऊपैकी चौघे अजून कंपनीत आहेत. बाकी पाच जणांचे पत्ते शोधावे लागले. पहिल्या मसुद्यात "गैरसमज" हा शब्द होता, तो खोडून "माझी चूक" लिहिलं. दुसऱ्यात जुन्या माहितीपत्रकाचा उल्लेख होता, तोही काढला. उरल्या सहा ओळी.

दोन दिवसांत सात उत्तरं आली. तिघांना ती मीटिंग आठवतच नव्हती. एकाने विचारलं, "कोणती भाची?" त्याला त्यांनी फोन लावला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.