रताळ्याच्या किसाची दोन पोती

"रजिस्टर आहे! शिक्का आणा!"

पोस्टमन गाडीवरूनच ओरडला. बाँग-यो कालवं फोडत बसली होती. मांडीवर रबरी कापड, हातात मोजे, पुढ्यात शिंपल्यांचा ढीग. रजिस्टर पत्राला नावाचा शिक्का लागतो आणि शिक्का घरात, देव्हाऱ्याच्या खणात. ती उठली तेव्हा दोन्ही गुडघे वाजले.

पत्र जिल्हा कार्यालयाच्या समाजकल्याण खात्याचं होतं. तिला अक्षरं येत, सरकारी वाक्यं येत नसत. शेजारच्या पाटावरच्या आ-ख्वान मावशीला तर अक्षरंही येत नसत. दोघींनी मिळून आकडा तेवढा लावला. एक लाख अडुसष्ट हजार युआन.

"लॉटरी लागली का गं?" मावशीनं विचारलं.

"लागली. पण भरायची मी आहे."

पत्राच्या तळाशी एक फोन नंबर होता. पलीकडून हुंग नावाची मुलगी बोलली. आवाज तरुण होता, घाईचा नव्हता. लिन च्याम नावाचे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ भाड्याच्या खोलीत पडलेले सापडले, असं तिनं सांगितलं. कोणी बघणारं नव्हतं म्हणून सरकारनं त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. त्याला सात महिने झाले. महिन्याचे चोवीस हजार. आधी सरकार खर्च करतं, मग मुलांकडून वसूल करतं. कायदाच तसा आहे. त्यांना मुलगा होता, तो चार वर्षांपूर्वी वारला. राहिली मुलगी.

"माझा बाप?" बाँग-यो म्हणाली.

"तुमच्या कुटुंबनोंदीत वडील म्हणून हेच नाव आहे, मावशी."

"नोंदीत असेल."

"नोंदीत आहे म्हणूनच पत्र आलंय."

त्या रात्री बाँग-योच्या मुलाचा ताओयुआनहून फोन आला. तो तिकडे कारखान्यात होता. "आई, कशावरही शिक्का मारू नकोस," तो म्हणाला. एक शिक्का मारून झाला आहे, हे तिनं त्याला सांगितलं नाही.

बाँग-यो या नावाचा अर्थ, आलीच आहे तर पोसा. तैवानच्या त्या किनाऱ्यावर तेव्हा नकोशा मुलींना अशी नावं सर्रास ठेवत. तिच्या पिढीत गल्लीगणिक एक तरी बाँग-यो होती. नाव ठेवणारा पोसेलच असं नसे. ही तीन वर्षांची असताना पाच कोसांवरच्या लिनांच्या घरातून त्साईंच्या घरी आली. त्साई शिन ही कालवं फोडणारी बाई. तिला एकुलता एक मुलगा होता. मुलगी लहानपणीच आणायची, आपल्या हातानं वाढवायची आणि मोठी झाली की मुलाला करायची, ही तेव्हाची रीत. लग्नाचा खर्च वाचतो. सून सासूच्या वळणाची होते.

नोंदणी कचेरीत कोणी गेलं नाही. त्साई शिनचा नवरा म्हणाला, "लग्न लागलं की नाव आपोआप इकडे येईल. दोनदा कशाला खेटे घालायचे?"

लग्न लागलंच नाही. मुलगा विसाव्या वर्षी ट्यूना धरणाऱ्या जहाजावर गेला. तीन वर्षांनी दूरच्या कुठल्याशा बंदरातून त्याचं एक पत्र आलं, बायकोच्या फोटोसकट. त्साई शिननं फोटो उलटा ठेवला. दुसऱ्या दिवशी कालवं फोडता फोडता ती बाँग-योला म्हणाली, "आता तू सून नाहीस. मुलगी आहेस. ऊठ, मीठ आण."

एवढाच तो दत्तकविधी. पुढे तिनंच होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक शांत माणूस बघितला आणि स्वतःच्या हातातली बांगडी काढून बाँग-योचं लग्न करून दिलं. मरायच्या आधी घर, मागची जागा आणि कालवांची शेड तिच्या नावावर केली. शेडच्या कागदावर नाव आलं. कुटुंबनोंदीत आडनाव लिनच राहिलं.

आता नवरा नव्हता, आईही नव्हती. शेड होती. पैसे वेळेत भरले नाहीत तर प्रकरण जप्तीकडे जाईल, असं पत्रात होतं. दिवसभर फोडून पाचशे-सहाशे सुटत, तेही हंगामात. आणि दर महिन्याला चोवीस हजार चढत होते. जप्त करण्यासारखं तिच्याकडे एकच होतं, ती जागा.

हुंग स्वतः घरी आली. शिंपल्यांवरून चालताना तिचे पांढरे बूट चिखलात गेले. पाट मिळाला त्यावर ती बसली.

"न्यायालयात अर्ज करता येतो," ती म्हणाली. "वडिलांनी सांभाळलंच नसेल तर मुलांना जबाबदारीतून मोकळं करतात."

आ-ख्वान मावशीनं सुरी थांबवली. "म्हणजे पैसे मागायचे तूच आणि बुडवायचे कसे तेही तूच सांगायचं?"

"माझ्या पिशवीत दोन्ही फॉर्म असतात, आजी."

"मग पगारही दोन मिळत असतील."

हुंग हसली आणि फॉर्म काढला. एकेक प्रश्न विचारत गेली. मारत होते का? माहीत नाही. शिव्या? माहीत नाही. पैसे पाठवले? नाही. शाळेची फी? शाळा कुठली. भेटायला आले? इथे बाँग-यो अडली नाही. हे उत्तर तिला पाठ होतं. आई सांगायची तेच तिनं सांगितलं. "सोडून गेला तो गेला. एकदाही मागे फिरला नाही."

हुंगनं लिहून घेतलं. एकदाही नाही. "हे महत्त्वाचं वाक्य आहे," ती म्हणाली. "आणि एक साक्षीदार लागेल. त्या वेळचं कोणी?"

दोघींनी आ-ख्वान मावशीकडे बघितलं.

"मी वीस वर्षांची होते," मावशी म्हणाली. "नवीन लग्न झालं होतं. इथेच बसत होते. ह्याच जागी. पण न्यायालयात जायचं तर मला नवीन ब्लाऊज पाहिजे."

तारीख ऑक्टोबरात पडली. ऐन हंगामात दोघींचा एक दिवस बुडाला. दालन लहान होतं. न्यायाधीश बाई चाळिशीच्या. त्यांच्या शेजारी एक दुभाषा, कारण म्हाताऱ्यांना सरकारी चिनी धड येत नाही.

लिन च्यामला चाकाच्या खुर्चीतून आणलं. बाँग-योनं त्याच्याकडे बघितलं. ओळखण्यासारखं काहीच नव्हतं. कान मोठे होते. तिचेही मोठे होते, पण मोठे कान पुष्कळांचे असतात. एका पायातला मोजा घसरला होता. तो वर करावा असं तिच्या मनात आलं, पण ती जागेवरून हलली नाही.

आत यायच्या आधी हुंगनं म्हाताऱ्याला समजावलं होतं. बाँग-योनंही ते ऐकलं होतं. "काका, तुम्ही पोसलं म्हणालात तर पैसे मुलगी भरेल. नाही म्हणालात तर सरकार भरेल. तुमचं ताट दोन्हीकडून तेच येणार. खरं काय ते सांगा."

न्यायाधीशांनी विचारलं, "ही तुमची मुलगी का?"

"असेल," तो म्हणाला. "मुलगी होती."

"तुम्ही तिला सांभाळलं?"

"तीन वर्षं."

हुंगचं पेन थांबलं. आ-ख्वान मावशीनं जिभेनं चक् असा आवाज काढला.

"आणि मग?"

"मग तिनं आम्हाला सांभाळलं."

दुभाष्यानं भाषांतर केलं. न्यायाधीशांना वाटलं त्याचं काही चुकलं. त्यांनी पुन्हा विचारायला सांगितलं. म्हातारा चिडला. आवाज एकदम मोठा झाला.

"कळत कसं नाही? त्साईंनी रताळ्याचा कीस दिला. वाळवलेला. दोन पोती. पोरीच्या बदल्यात. त्या वर्षी वादळानं आमचं सगळं खारं करून टाकलं होतं. धाकटा अंगावर पीत होता, बायकोला दूध नव्हतं. दोन पोती थंडीभर पुरली. धाकटा वाचला. म्हणजे पोसलं कोणी?"

बाँग-यो हातांकडे बघत होती. शिंपल्यांनी कापलेले हात. दोन पोत्यांचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. आई म्हणायची, तुझ्या बापानं तुला फुकट टाकलं. असं ऐकून वाढलेली मुलगी पळून जात नाही, हे आईला ठाऊक असणार.

न्यायाधीशांनी अर्ज पुढे ओढला. "तिला दिल्यानंतर तुम्ही एकदाही भेटायला गेला नाहीत, असं अर्जदार म्हणते. खरं आहे?"

"भेटायला नाही गेलो."

"एकदाही?"

त्यानं दोन बोटं वर केली. "पोती दोन होती, बाई. खांदा एकच. दोन खेपा झाल्या. पहिलीला ही बरोबर होती. पोरीला उतरवलं, पोतं उचललं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यासाठी गेलो. पुढून नाही गेलो. शिंपल्यांच्या ढिगामागून गेलो, हिला दिसू नये म्हणून. ही बसली होती. हातात शिंपला. तो चाटत होती. मी पोतं उचललं आणि आलो."

"किती वेळ थांबलात?"

"पोतं उचलायला लागतो तेवढा. थोडा जास्त."

आ-ख्वान मावशीला पुढे बोलावलं. ब्लाऊज नवा होता, दोन बटणं चुकीच्या काजात गेली होती. न्यायाधीशांनी विचारलं, दुसऱ्या दिवशी हा माणूस आला होता हे तुम्हाला माहीत आहे का.

मावशी बाँग-योकडे बघत नव्हती. "आला होता," ती म्हणाली. "ढिगामागून. मला वाटलं चोर आहे. मी सुरी उचलली. मग बघितलं तर रडतोय. चोर कशाला रडेल."

"मी रडलो नाही," म्हातारा म्हणाला.

"रडलास! शेंबूड पोत्याला पुसलास!"

न्यायाधीशांनी दोघांना गप्प केलं. त्या अर्जदाराकडे वळल्या. आणखी काही सांगायचं आहे का?

हुंगनं बसल्या जागेवरून मान हलवली. नाही म्हणा, असं ती खुणेनं सांगत होती. बाँग-यो उभी राहिली. गुडघे वाजले, सगळ्यांना ऐकू आलं.

"अर्जात मी लिहिलंय, एकदाही नाही," ती म्हणाली. "ते खोडा."

"का?"

"खोटं आहे. दुसऱ्यांदा आला होता."

"तो पोतं न्यायला आला होता. तुम्हाला भेटायला नाही."

"हो. पण आला होता. मी शिक्का मारलाय त्या कागदावर. खोट्याखाली माझा शिक्का नको."

"खोडलं तर तुमची बाजू कमकुवत होऊ शकते, हे समजतं का तुम्हाला? जागेवर जप्ती येऊ शकते."

"समजतं."

न्यायाधीशांनी ती ओळ खोडली. बाजूला तिचा शिक्का घेतला. मग एक अंगठा म्हाताऱ्याचाही घेतला. त्याचा हात शाईच्या डबीपर्यंत नीट जाईना. बाँग-यो जवळ होती. तिनं मनगट धरून तो टेकवला. मनगट हलकं होतं. त्यानं वर बघितलं.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं. तिकडे सगळेच सगळ्यांना असं विचारतात.

"जेवले," ती म्हणाली.

परतताना गाडीत हुंग म्हणाली, "मावशी, मी सहा वर्षं हे काम करते. अर्जात लोक वाक्यं घालायला सांगतात. काढायला कोणी सांगत नाही."

"जागा गेली तर तुझ्याकडे येऊन राहीन," बाँग-यो म्हणाली. "वसूल कर मग."

निकाल यायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत ती रोज पहाटे शेडमध्ये बसली. आ-ख्वान मावशी रोज शेजारी बसली. दोघी त्या दिवसाबद्दल बोलल्या नाहीत. कालवांच्या भावाबद्दल बोलल्या.

"रजिस्टर आहे! शिक्का आणा!"

या वेळी शिक्का एप्रनच्या खिशातच होता. कागद चार पानी होता. हुंगनं फोनवर त्याचा अर्थ सांगितला. वडिलांनी तिसऱ्या वर्षानंतर सांभाळ केला नाही, परिस्थिती कठीण होती हे मान्य, तरी साठ वर्षांत नंतरही काही केलं नाही. मुलगी आजपासून जबाबदारीतून मुक्त. मागच्या महिन्यांसाठी खात्याच्या समितीकडे वेगळा अर्ज करायचा होता. तो हुंगनंच भरला, आणि नववर्षाच्या आधी समितीनं तोही मंजूर केला. जागा राहिली.

निकाल आला त्या दिवशी मावशीनं विचारलं, "काय म्हणतोय कागद?"

"त्याला पोसायचं बंधन माझ्यावर नाही."

"मग झालं तर."

दोघींनी दोन-तीन शिंपले फोडले.

"तू कधी सांगितलं नाहीस," बाँग-यो म्हणाली.

"काय?"

"दुसऱ्यांदा आला होता ते."

"तू विचारलं नाहीस."

"साठ वर्षं शेजारी बसतेस."

मावशीनं सुरी पाण्यात बुडवली, पुसली. "तू तीन वर्षांची होतीस. पहिले आठ दिवस, बाप गेला त्या बांधाकडे तोंड करून बसायचीस. मग हळूहळू इकडे वळलीस. तेव्हा सांगितलं असतं, तर तू तिसऱ्या खेपेची वाट बघत बसली असतीस."

बाँग-योनं सुरी खाली ठेवली. तिनं ढिगामागच्या वाटेकडे एकदा बघितलं. तिथे आता सिमेंटचा रस्ता आहे आणि पलीकडे कोळंबीची तळी.

"मंगळवारी मी येणार नाही," थोड्या वेळानं ती म्हणाली. "आश्रमात जायचंय."

"कागदावर तर बंधन नाही म्हणालीस."

"नाहीच."

"मग?"

"त्याचा मोजा सैल आहे. इलास्टिक घालून देते."

"एकाच मोज्यासाठी बसभाड्याला दोनशे घालवणार?"

"दोन मोजे आहेत, मावशी," बाँग-यो म्हणाली, आणि पुढ्यातला ढीग जवळ ओढला.