एक आतच राहिलंय

या सदरातले गूढ अनुभव मी दर अंकात वाचते आणि खरं सांगायचं तर हसते. आमच्या सासूबाई अजूनही नातवाची दृष्ट मीठ-मोहऱ्यांनी काढतात. मी म्हणते, "आई, मोहऱ्या फोडणीला ठेवा, वाया घालवू नका." मी सर्जन आहे. उघडून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही सवयच लागलेली... आणि हे जे घडलं ते उघड्या पोटासमोरच घडलं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरातलं, क्रांती चौकाजवळचं एक खाजगी हॉस्पिटल. नाव सांगणार नाही. सकाळची वेळ, लख्ख दिवे, एसी चालू. लाइट गेली, कुत्रं रडलं असलं काही नाही!

पेशंट गयाबाई (नाव बदललंय) करमाडच्या पुढच्या एका वस्तीवरच्या. घरी मेंढरं, राखणीला कुत्री. मेंढरं-कुत्र्यांमध्ये आयुष्य गेलेल्या माणसांना कधी कधी एका जंतामुळे लिव्हरवर पाण्याने भरलेली गाठ होते. गयाबाईंची गाठ चांगली नारळाएवढी होती. ती काढताना आतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेततं, म्हणून चारी बाजूंनी औषधात भिजवलेले मॉप, म्हणजे कापडाचे जाड चौकोन, दाबून ठेवतात. गाठ अख्खी निघाली. इतक्या अवघड जागेची, एवढी मोठी... मी तर मनातल्या मनात केस रिपोर्टचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं!

पोट शिवण्याआधी मॉप मोजतात. जेवढे आत गेले तेवढे बाहेर यायलाच हवेत. मंगल सिस्टरनी मोजले. "काउंट बरोबर, मॅडम." मी सुई-धागा मागितला. समोर माझा असिस्टंट डॉ. इम्रान उभा होता. त्याच्या बहिणीचं खुलताबादला लग्न होतं आणि नान-खलिया किती माणसांचा करायचा यावर आमची चर्चा अगदी रंगात आली होती.

तेवढ्यात बाईचा आवाज आला.

"थांबा. एक आतच राहिलंय."

अगदी स्पष्ट, जवळून आलेला. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, त्यामुळे कोण बोललं ते दिसत नाही. मी धरून चालले की सिस्टरच बोलल्या. हात परत आत घातला. लिव्हरच्या मागे, पार वर, बोटांना ओलं कापड लागलं... ओढून बाहेर काढलं तर मॉप! तो मॉप तसाच राहिला असता तर आत पू झाला असता, बाई हाती लागली नसती. पाकीट उघडताना दोन मॉप चिकटून एकच मोजला गेला असणार, म्हणून काउंट जुळत होता.

ऑपरेशन आटोपल्यावर मी सिस्टरना म्हटलं, "आज तुमच्यामुळे वाचलो हो."

त्या तडकल्या. "टोमणे मारता व्हय, मॅडम? मी तर काउंट बरोबर हाय म्हणाले. राहिलंय असं तुम्हीच बोललात! माझ्यावर भरवसा नव्हता तर आधीच सांगायचं." डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

मी इम्रानकडे बघितलं. "मेरेकू लगा सिस्टर बोले," तो म्हणाला. भूल देणारे कुलकर्णी सर मॉनिटरच्या नोंदी चाळायला लागले. ऐकलं त्यांनीही होतं.

आम्हा दोघींशिवाय ऑपरेशन थिएटरमध्ये तिसरी बाई एकच होती. आणि तिच्या घशात श्वासाची नळी होती. ही नळी थेट स्वरयंत्रातून जाते. माणूस टक्क जागा असला तरी त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

आम्ही पुढच्या केसला लागलो. पुढे गयाबाई तपासणीला आल्या, तेव्हा मी केस रिपोर्टसाठी त्यांची परवानगी मागितली. म्हटलं, तुमच्या आजाराबद्दल डॉक्टर लोकांच्या मासिकात छापायचं आहे, नाव येणार नाही.

"छापा की," त्या म्हणाल्या. "पण मीच सांगितलं म्हून लिवा."

"काय सांगितलं?"

"एक आत राहिलं म्हून. लई वरडले बाई मी. तुमचं तिकडं नान-खलियाचं चाललं व्हतं. दोनदा वरडले, कुणी बघंना. तिसऱ्या टायमाला थांबलात तुमी."

मी परवानगीचा फॉर्म बाजूला ठेवला. "दुखत होतं का हो तुम्हाला?"

"दुखलं नाय. पण तुमाला ऐकूच जाईना, त्याचं लई भ्या वाटलं."

कुलकर्णी सरांनी त्या दिवशीच्या मॉनिटरच्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या. नाडी, बीपी, भुलीचं प्रमाण... जाग आल्याचं एकही लक्षण नाही. "भुलीत शब्द कानावर पडले, हे एक वेळ मान्य करीन," ते म्हणाले. "पण आत काय राहिलंय ते तिला कसं कळणार? आणि नळी असताना बोलणार कशी?"

केस रिपोर्ट अजून तसाच पडून आहे. मॉप राहिल्याचं कसं लक्षात आलं, एवढ्या एका वाक्यावर अडलाय. खोटं लिहवत नाही आणि खरं तिथे कोण छापणार? म्हणून इथे लिहिते — गयाबाईंनीच सांगितलं.

कसं सांगितलं, हे मला आजही माहीत नाही. त्या ठणठणीत आहेत, मेंढरांमागे हिंडताहेत. माझी मात्र झोप उडाली आहे. त्यांचं ओरडणं तिसऱ्यांदा तरी आम्हाला ऐकू आलं. त्याआधी इतकी वर्षं मी गप्पा मारत मारत ज्यांची पोटं शिवली, त्यांच्यातलं कोणी असंच ओरडत होतं का?