पडण्याची शिकवणी

नवीन जालन्यात आमच्या शेजारी एक काका राहतात. कुठल्याही कामाआधी ते घसा खाकरतात. माझ्या मुलीच्या सायकलची बाजूची चाकं काढली, तेव्हा ती भीतीनं सीटवर बसेना. काका हेल्मेट घालून आले, खाकरले.

"बेटा, आधी पडायला शिकायचं. मंग सायकल आपोआप येती. पडताना डोळे मिटायचे, बिलकुल घाबरायचं न्हाई."

आणि ते भर गल्लीत धाडकन आडवे झाले. आधी उजवीकडे, मग डावीकडे. मुलगी खो खो हसली आणि हसता हसताच पायडल मारत निघाली.

"बघून राह्यली ना?" काकांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"हो काका!" त्यांच्याभोवती सायकल फिरवत ती म्हणाली.

काका इतकं मन लावून पडले होते, की ती शिकली हे सांगायचा मला धीर झाला नाही.