बाबांच्या खोलीतून जाणारी गाणी

लग्न होऊन मी साताऱ्याहून कोपरखैरण्याला आले, तेव्हा सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. त्या धवलारीण होत्या, लग्नातली गाणी म्हणजे धवले गाणाऱ्या. इथल्या बोनकोडे गावात कुणाचं लग्न निघालं की हळदीपासून मांडवापर्यंतचे सगळे विधी त्यांच्या गाण्यांवर चालायचे म्हणे. मी मात्र त्यांना फोटोतच पाहिलंय.

मी घरून ऑनलाइन गणित शिकवते, नववी-दहावीला. गेल्या वर्षी माझे वर्ग अडखळायला लागले. प्रमेय अर्ध्यावर आलं की मुलं ओरडायची, "टीचर, आवाज तुटतोय!" इंटरनेटवाला दोनदा येऊन गेला. "मॅडम, लाइन एकदम ओके आहे," म्हणाला. मी शेजाऱ्यांवर संशय घेतला, वायफायचा पासवर्ड बदलला. फरक शून्य.

शेवटी एका रविवारी सकाळी मी घरातली एकेक वस्तू बंद करत गेले. टीव्ही, नवऱ्याचा लॅपटॉप, सगळ्यांचे फोन. काही नाही. राहिला सासऱ्यांचा कॉम्प्युटर, तो राउटरला वायरने जोडलेला. बाबा बाजारात गेले होते. मी वायर काढली आणि स्पीड एकदम वर गेला.

वायर पुन्हा लावून स्क्रीन चालू केला. आपल्याकडच्या फाइली इंटरनेटवरून इतरांना देणारं टॉरेंटचं सॉफ्टवेअर उघडंच होतं. त्यात एकच फोल्डर, 'धवले'. आत काहीच येत नव्हतं, बाहेर मात्र जेवढं जाऊ शकेल तेवढं जात होतं. आमच्या प्लॅनमध्ये बाहेर जायची वाट आधीच अरुंद, आणि माझा आवाजही त्याच वाटेने मुलांपर्यंत जाणार. मी ते थांबवलं. बाबांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण समजावत बसायचा कंटाळा केला, हेच खरं.

तीन दिवस वर्ग छान झाले. चौथ्या दिवशी चहा घेताना बाबा म्हणाले, "सूनबाई, कॉम्प्युटरवर आता कोनीच दिसत नाय. मानसांना कंटाला आला वाटतं."

"कशाचा, बाबा?"

"तुज्या सासूच्या गान्यांचा."

मग कळलं. सासूबाई गात असताना बाबांनी लग्नालग्नांत जाऊन ते टेपवर घेतलं होतं. कंपनीतून रिटायर झाल्यावर महिनोन्‌महिने बसून त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या. कंपनीतल्या जुन्या मित्राने त्या टॉरेंटवर अशा ठेवून दिल्या, की ज्याला हव्या त्याने घ्याव्यात. रोज सकाळी किती जण घेतायत ते बघायचं, हा बाबांचा नेम.

मी कप बाजूला ठेवला. "बाबा, ते मी बंद केलंय. माझा वर्ग होत नव्हता."

"मंग सांगायचं ना, बाय. तीन दिस झाले, मी मानसांना नावं ठेवतोय."

आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसलो. बाहेर जाणाऱ्या वेगाला मी मर्यादा घातली, वर्गाच्या वेळात आणखी कमी ठेवली आणि पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने चार जण जोडले गेले. मी बोटाने दाखवलं, "हे दोघं बघा. यांच्याकडे सगळी गाणी पोचलीत. आता हेही दुसऱ्यांना देतायत. तुमचा कॉम्प्युटर बंद असला तरी."

"म्हनजे मी नसलो तरी चालंल."

हे त्यांना लागलं की बरं वाटलं, मला कळेना. मी उगाच माऊस हलवत राहिले. ते म्हणाले, "बरं झालं." आणि लगेच, "तू आयकलीस का कदी?"

मी ऐकली नव्हती. एवढी वर्षं याच घरात राहून नव्हती ऐकली.

त्यांनी हळदीचं एक गाणं लावलं. आवाज जाडसर होता, घाई नसलेला. निम्मे शब्द मला समजेनात. बाबा मध्येमध्ये थांबवून अर्थ सांगत होते. एका कडव्यात कुणीतरी जोरात खोकलं.

"तो मी," बाबा म्हणाले.