मिशीची कंटिन्युइटी

सिनेमाच्या धंद्यात मी एकच काम अव्वल दर्जाचं केलं. दाढीबरोबर मिशीही रोज न चुकता घोटून काढली. अभिनय वगैरे नंतरचं.

त्या वेळी मी पिंपरीतल्या एका कंपनीत मशीनवर कामगार होतो आणि उरलेल्या वेळात नट. बायकोच्या मते उलटं. कामगारांच्या नाटकातलं माझं काम बघून एका सिनेमाच्या मॅनेजरनं मला साहेबाच्या सेक्रेटरीचा रोल दिला. अट एकच, मिशी काढायची. कोल्हापूरला थोडं शूटिंग झालं. निघताना मॅनेजर म्हणाला, "पुढचं शेड्यूल लागेपर्यंत चेहरा अस्साच पाहिजे. कंटिन्युइटी!" एस.टी.त बसल्यापासून मी तो शब्द इतका घोळवला, की पिंपरी येईपर्यंत तो मला माझाच वाटायला लागला.

अडचण अशी, की आमच्याकडे बाप जिवंत असताना पोरगा मिशी काढत नाही. बाप गेला की काढतो. आणि माझे वडील तिकडे कुरुळीत चांगले ठणठणीत होते, रानात बैलांवर खेकसत होते.

पहिल्यांदा मी नाटकाच्या पेटीतली मिशी चिकटवून गावी गेलो. चहाच्या वाफेनं तिचं एक टोक सुटलं. सर्दीचं निमित्त करून तोंडाला रुमाल लावला आणि तसाच परत आलो. मग गावी जाणंच बंद केलं. दिवाळी आली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आई-अण्णा वाट बघत असतील." मी कॅलेंडरकडे बघत म्हणालो, "माझ्या डेट्स बघाव्या लागतील." तिनं करंजीचं सारण जरा जोरात ढवळलं एवढंच. डेट्स कसल्या डोंबलाच्या! मॅनेजरचा फोन येईल म्हणून मी रोज कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनला सलाम ठोकायचो आणि तो नाही म्हणून मान हलवायचा. शिल्लक रजा शूटिंगसाठी राखून ठेवली होती, म्हणून बायकोचं माहेरी जाणंही लांबत गेलं. धंदा सांभाळायचा म्हणजे हे असं, अशी मी माझीच समजूत घालत होतो.

एका सकाळी नाशिक फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा होतो. समोर राजगुरुनगरची एस.टी. थांबली. खिडकीत माझे मामा. त्यांनी मला बघितलं, माझा ओठ बघितला, आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. "आरं दाजी गेलं का रं! आमाला सांगावा तरी धाडायचा!" मी "नाही, नाही" म्हणत धावलो. त्यांना वाटलं, पोरगं दुःखानं सैरभैर झालंय. गाडी सुटली. आणि ती गाडी कुरुळीवरूनच जाते.

झाली का पंचाईत! शिफ्ट सोडली, चाकणकडे जाणारा ट्रक थांबवला आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसलो.

घरी पोचलो तर अंगणात ही गर्दी. झालं होतं असं. मामा रडत आले आणि आईच्या गळ्यात पडले. आईला वाटलं, माहेरचं कुणी गेलं. तिनंही हंबरडा फोडला. शेजारणी धावल्या. तेवढ्यात वडील रानातून आले. कोण गेलं ते रडण्याच्या भरात कुणी सांगेना, म्हणून त्यांनी रीतसर टोपी काढली आणि मान खाली घालून ओट्यावर बसले. मामा भानावर नव्हते, त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. म्हणजे माझा बाप स्वतःच्याच दुखवट्याला बसला होता, आणि वर आईला म्हणत होता, "गप, आता काय इलाज हाय?"

मी फाटकात उभा राहिलो तशी सगळ्यांची नजर माझ्या ओठावर, तिथून वडिलांवर. मामांचं रडणं घशातच राहिलं. वडिलांनी सावकाश टोपी घातली.

"मी हाय अजून," ते म्हणाले.

आयुष्यात संवाद विसरलो तो तेवढा एकदाच. शेवटी सगळं सांगितलं, सिनेमा, सेक्रेटरी, कंटिन्युइटी.

"काम मोठं हाय?"

"हो. खूप मोठं."

ते ओट्यावरून उठले. मग गर्दीकडे वळून म्हणाले, "ऐकलं न्हवं? पोराचं काम हाय ते. मी जित्ता हाय आन् माझी परवानगी हाय. जावा आता घरला." पुढे कित्येक महिने गावात कुणी दबक्या आवाजात विचारलं, की ते भर पारावर हेच सांगायचे. मला मात्र आता त्यांच्या तोंडाकडे बघायची लाज वाटायची. मी आपला उभ्या उभ्या जाऊन यायचो.

पुढच्या शेड्यूलला मला बोलावलंच नाही. माझ्यावाचून सिनेमा पुरा झाला. चिंचवडच्या थिएटरात तो लागला तेव्हा मी आई, वडील, मामा, बायको, सगळ्यांना दुपारच्या खेळाला नेलं. पडद्यावर साहेबाच्या केबिनमध्ये एक माणूस फाईल घेऊन आला. कॅमेऱ्याकडे पाठ. फाईल ठेवली, कोपऱ्यातून निघून गेला. संपलं. बाकी सगळं कापलेलं. बायकोनं पदर तोंडाला लावला होता, हसत होती की रडत होती कुणास ठाऊक. मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं.

पण तो माणूस पडद्यावर आला तेव्हाच वडील खुर्चीतून अर्धवट उठून ओरडले होते, "ह्यो बघा आपला!"

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अण्णा, तोंड दिसलंच नाही हो. ओळखलं कसं?"

"तुझं तोंड कवा दिसतंय आमाला?" ते साधेपणानं म्हणाले. "आला की निघतूस. पाठच बघतूय की दर बारीला, वळणावर दिसंनाशी होस्तवर. ती न्हाई वळखायची व्हय?"

त्या दिवशी माझी रात्रपाळी होती. मी गेलो नाही. त्यांच्याबरोबर कुरुळीच्या एस.टी.त चढलो आणि त्यांच्या समोरच्या सीटवर, त्यांच्याकडे तोंड करून बसलो.